खालचा बर्थ अर्जावरच ठरतो



संध्याकाळची वेळ आहे. कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी शेतातून आत्ताच घरी आली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर त्याला वही-पेन घेऊन जवळ बसवा. आज मी थोडे आकडे सांगणार आहे, ते टिपून ठेवण्यासारखे आहेत.

आज कर्ज, हप्ता, व्याज असलं काही नाही. आज बोलायचं आहे रेल्वेच्या तिकिटाबद्दल आणि त्यावर मिळणाऱ्या जागेबद्दल. बचत गटाचा आणि रेल्वेतल्या जागेचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. मलाही वाटायचं. आमच्या गटातल्या एका मावशींमुळे मला तो संबंध कळला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही सहा जणी मुंबईला प्रदर्शनात माल घेऊन निघालो. रात्रीची गाडी, स्लीपरचा डबा, दहा तासांचा प्रवास. मावशी तेव्हा ६१ वर्षांच्या. गुडघ्याचं जुनं दुखणं. पण नागलीचे पापड करण्यात आणि विकण्यातही त्यांचा हात कुणी धरणार नाही. गाडीत चढलो आणि बर्थचे नंबर बघितले, तर सहा जणींत एकही खालचा बर्थ नाही. तिघींना वरचा, दोघींना मधला, एकीला बाजूचा वरचा. मावशींना मधला.

खालच्या एका बर्थवर म्हातारे आजोबा होते, दुसऱ्यावर तान्हं बाळ घेऊन एक बाई. त्यांना कुठल्या तोंडाने म्हणणार, की उठा? रात्री दहाला मधले बर्थ उघडले. मावशींनी दोनदा चढायचा प्रयत्न केला, गुडघा वर उचलेना. शेवटी म्हणाल्या, “राहू दे, मी बसते इथंच.” आणि दाराजवळ, संडासाच्या शेजारी, आमच्या पापडाच्या पोत्यावर टेकून त्या रात्रभर बसल्या. सकाळी गुडघा सुजलेला. पाच दिवस स्टॉलवर तसाच पाय घेऊन उभ्या राहिल्या. येतानाही तीच तऱ्हा.

पुढच्या वर्षी यादी करताना मी त्यांचं नाव पहिलं घेतलं. त्या म्हणाल्या, “ताई, पापड माझे घेऊन जा. मी काही येत नाही. विक्रीचं बळ आहे अंगात, प्रवासाचं नाही.”

पापड गेले, मावशी नाही गेल्या. गेल्या वर्षीची गिऱ्हाइकं येऊन विचारत होती, त्या आजी कुठे आहेत? माल पूर्ण खपला नाही, चार पोती परत आणली. पण नुसत्या मालाचं नाही हो. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने नोटा मोजल्या होत्या. ते सगळं एका बर्थपायी सुटलं.

आता खरं सांगते. बरेच दिवस मी रेल्वेलाच बोल लावत होते. मग एकदा ते जुनं तिकीट हातात आलं आणि माझंच मला कळलं. तिकिटाचा अर्ज मी भरला होता. सहा जणी एकाच तिकिटावर घातल्या होत्या. आणि वय? वय मी कुणाला विचारलंच नव्हतं. सरसकट सगळ्यांचं ४० लिहून टाकलं होतं. आपल्यात निम्म्या जणींची आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी आहे, खरं वय कोण सांगतं, असं म्हणून मी मोकळी झाले. ६१ वर्षांच्या बाईचं वय ४० लिहिलं आणि तिच्या हक्काची जागा मीच घालवली.

कशी घालवली ते ऐका. पोराला म्हणावं, लिही आता.

पहिली गोष्ट, वय. रेल्वेत ४५ वर्षांवरच्या बाईला आणि ६० वर्षांवरच्या पुरुषाला खालचा बर्थ द्यायची सोय कॉम्प्युटरमध्येच आहे. मागितला नाही तरी, शिल्लक असेल तर तो मिळतो. पण कॉम्प्युटर बघतो अर्जावरचं वय. तिथे ४० लिहिलं तर त्याला काय कळणार? पुष्कळ लोकांना वाटतं, ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० च्या मार्चमध्ये थांबली, मग वय लिहून उपयोग काय. भाड्यातली सवलत वेगळी आणि खालच्या बर्थची सोय वेगळी. तेव्हा आधारवर आहे तेच वय लिहा. लाजू नका.

दुसरी गोष्ट, कोटा. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात खालचे बर्थ वेगळे राखलेले असतात. ४५ वर्षांवरच्या बायका, ज्येष्ठ नागरिक आणि गरोदर बायका यांच्यासाठी. पण अट अशी, की त्या तिकिटावर एकटी किंवा फार तर दोघी असल्या पाहिजेत. एका तिकिटावर सहा जणांची नावं घालता येतात, म्हणून आपण सहाच्या सहा घालतो. सोबत राहिलं की बरं, असं आपल्याला वाटतं. पण सहा जणींच्या तिकिटाला हा कोटा लागूच होत नाही. म्हणून ज्यांना खालचा बर्थ हवाच आहे, त्या दोघींचं तिकीट वेगळं काढायचं. खिडकीवर अर्ज देताना सांगायचं, की ज्येष्ठ नागरिक आणि खालच्या बर्थच्या कोट्यातून बघा. मोबाईलवर काढत असाल तर कोट्याच्या यादीत तो वेगळा निवडावा लागतो.

तिसरी गोष्ट, महिला कोटा. लांबच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपरला सहा बर्थ खास बायकांसाठी असतात. त्याला वयाची अट नाही. एकटी बाई असो की बायकांचा गट असो. पण तिकिटावर एक जरी पुरुष असला तर हा कोटा मिळत नाही. दादांना सोबत न्यायचं असेल तर त्यांचं तिकीट वेगळं.

चौथी गोष्ट, वेळ. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. पूर्वी १२० दिवस होते. प्रदर्शनाची तारीख दोन महिने आधी कळत नाही, हे खरं. पण कळली की त्याच आठवड्यात तिकीट काढायचं. आपण काय करतो? माल तयार होऊ दे, पिशव्या छापून येऊ दे, मग बघू तिकिटाचं. आणि मग तत्काळच्या मागे धावतो. तत्काळ उघडतं प्रवासाच्या आदल्या दिवशी, स्लीपरचं सकाळी ११ वाजता. एका तिकिटावर चारच नावं, पैसे जास्त, कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे परत नाहीत. मोबाईलवरून काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं लागतं. आणि मघाशी सांगितलेले कोटे त्यात नसतात. म्हणजे मावशींसाठी तत्काळ हा इलाज नाही.

आता तिकीट हातात आलं की त्यावर बघायचं काय? तीन शब्द असतात. कन्फर्म, आरएसी आणि वेटिंग. कन्फर्म म्हणजे बर्थ तुमचा. आरएसी म्हणजे गाडीत चढायचा आणि बसायचा हक्क आहे, पण बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी मिळून बसायचं. कुणाचं तिकीट रद्द झालं तर पूर्ण बर्थ मिळतो. वेटिंग म्हणजे जागा नाही. मोबाईलवर काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते दाखवून गाडीत बसलात तर विनातिकीट धरतात. खिडकीवरचं कागदी वेटिंग तिकीट असेल तर जनरलच्या डब्यातून जाता येतं, आरक्षित डब्यात नाही.

हे मी मुद्दाम सांगते. आपण सगळ्याच तक्रार करतो, की आरक्षण असून डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पण त्या गर्दीत वेटिंगचं तिकीट घेऊन कधी कधी आपणही उभ्या असतो. “जरा सरका ताई, दोन स्टेशनांचा तर प्रश्न आहे,” असं आपणही म्हटलेलं आहे. दुसरीला त्रास झाला तर ती गर्दी, आणि आपण चढलो तर ती अडचण, असं कसं चालेल?

आणखी एक चूक आपल्या गटांत फार होते. सहा जणींचं तिकीट काढलं, आयत्या वेळी एकीच्या घरी अडचण आली, म्हणून तिच्या जागी दुसरीला पाठवलं. असं चालत नाही. कन्फर्म तिकिटावरचं नाव बदलता येतं, पण ते घरच्याच माणसाच्या नावावर. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको. तेही गाडी सुटायच्या २४ तास आधी अर्ज देऊन. गटातली मैत्रीण कितीही जवळची असली तरी रेल्वेच्या हिशेबात ती नातेवाईक नाही.

आता बर्थच्या नंबराचं गणित. हे सोपं आहे, आमच्या मावशींना तोंडपाठ झालंय. स्लीपरच्या डब्यात आठ-आठ बर्थचे खण असतात. १ आणि ४ खालचे. २ आणि ५ मधले. ३ आणि ६ वरचे. ७ बाजूचा खालचा, ८ बाजूचा वरचा. पुढच्या खणात ९ पासून तसंच परत सुरू. म्हणजे ९ आणि १२ खालचे, १७ आणि २० खालचे, २५ आणि २८ खालचे. नंबराला आठाने भागायचं. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा. बाकी ७ उरली तर बाजूचा खालचा. काहीच उरलं नाही तर बाजूचा वरचा. आठाचा पाढा येणारं घरातलं कुठलंही पोर हे सांगेल. तिकीट हातात पडलं की खिडकीपासून हलायच्या आधीच हिशेब करा.

नंबरावरून दुसरंही कळतं, की रात्रभर हिसके किती बसणार. एसटीत मागच्या सीटवर, चाकाच्या वर बसलं की प्रत्येक खड्डा कमरेत जातो, आणि मधल्या सीटवर तेवढं कळत नाही. रेल्वेचंही तसंच आहे. डब्याची चाकं दोन्ही टोकांना असतात. म्हणून टोकाच्या बर्थवर उसळी जास्त, शिवाय दाराची धडधड आणि संडासाचा वास. मधल्या खणांत डबा कमी उसळतो. जुन्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात आणि नव्यात ८०. दोन्हींत २५ ते ४८ हे नंबर मध्यावर येतात. नंबर आपल्याला निवडून मिळत नाही. पण मिळालेल्या जागा आपसात वाटून घेता येतात. जिची कंबर दुखते ती मध्यावर, तरण्या मुली टोकाला. यात टीसीलाही काही हरकत नसते, फक्त तो आला की सांगायचं. आणि गाडी सुटताना, थांबताना कुणी उभं राहू नका. वर चढायचं असेल तर गाडीने वेग धरल्यावर चढा.

दिवसाच्या इंटरसिटीने जाणाऱ्या पुष्कळ जणी ऐकत असतील. तिथे झोपायचे बर्थ नसतात, बसायचं आरक्षण असतं. सेकंड सिटिंग म्हणतात ते. पाठ सरळ, गुडघ्याला गुडघा लागतो, आणि तिघींच्या बाकावर चौथी येऊन टेकते. पाच-सहा तासांत कंबर लाकूड होते. त्याला आमचा घरचा उपाय आहे. गोधडीची घट्ट घडी करून कमरेमागे ठेवायची आणि तासाभराने उठून डब्यातल्या डब्यात चार पावलं चालून यायचं. आणि चौथीला “हे आरक्षण आहे” असं सांगायला हरकत नाही. गोड बोलून सांगा, पण सांगा.

या बसण्याच्या गादीवरून एक माहिती सांगते. १९७४ मध्ये रेल्वेतला तिसरा वर्ग बंद झाला आणि त्याचा दुसरा वर्ग झाला. पण झोपायला लाकडाची फळी तशीच राहिली. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. आपल्या अहमदनगरात जन्मलेले, कोकणातल्या राजापूरमधून निवडून गेलेले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम घालायचं ठरवलं. दोनच इंच. पण त्याआधी गरिबाच्या पाठीला काही लागतं, हा विचारच नव्हता. आज स्लीपरमध्ये आपण ज्या गादीवर पाठ टेकतो, तिची सुरुवात तिथून आहे. म्हणून म्हणते, आरामाचा प्रवास म्हणजे श्रीमंताचे चोचले नव्हेत. दहा तास प्रवास करून सकाळी स्टॉलवर उभं राहायचं असतं आपल्याला.

आता डब्यातले वाद. खालचा बर्थ माझा, मग दिवसभर मी झोपणार, असं म्हणता येत नाही. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. त्या वेळात मधल्या बर्थवाल्याला बर्थ उघडू द्यायचा, बाकीच्या वेळात सगळ्यांनी खाली बसायचं. उलट दहा वाजून गेल्यावरही खाली कुणी गप्पा मारत बसलं असेल, तर आपण झोपायला जागा मागू शकतो.

एवढं करूनही खालचा बर्थ मिळाला नाही तर? टीसीला विचारायचं. गाडी सुटल्यावर खालचा बर्थ रिकामा राहिला, तर तो वरचा किंवा मधला बर्थ मिळालेल्या ज्येष्ठांना, अपंगांना किंवा गरोदर बाईला द्यायची मुभा टीसीला असते. तेव्हा आम्ही विचारलंच नाही. कोट घातलेल्या माणसाला विचारायचं धाडस आमच्यात नव्हतं. गरोदर बाई सोबत असेल तर दवाखान्याचं कार्ड जवळ असू द्या.

तुमच्या जागेवर दुसरंच कुणी बसलंय आणि उठत नाही, संडासात पाणी नाही, कुणी त्रास देतंय, तर १३९ हा नंबर लावायचा. रेल्वेचा मदतीचा नंबर आहे. तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर नंबर विचारतात, तो हाताशी ठेवा. तक्रार म्हणजे भांडण नव्हे. आवाज चढवायची गरज नाही. डबा, बर्थ, काय झालं, एवढंच सांगायचं.

आणि सामान! आपल्या गैरसोयीचं निम्मं कारण आपलीच पोती असतात. स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो आणि सेकंड सिटिंगला ३५ किलो सामान फुकट नेता येतं. त्याहून जास्त असेल तर आधीच पार्सल ऑफिसात नोंदवायचं. बर्थखाली मावेल अशा लहान पिशव्या करा. मोठं पोतं वाटेत ठेवलं की अख्खा डबा आपल्या नावाने बोटं मोडतो.

आता शेवटी मावशींचं सांगते. गेल्या वर्षी प्रदर्शनाची तारीख कळल्याबरोबर मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, “मावशी, चूक माझी होती. मी तुमचं वय ४० लिहिलं होतं.” आधी त्या हसल्या. मग म्हणाल्या, “मेले, तेवढंच मला तरुण केलंस, आणि रात्रभर दारात बसवलंस!”

या वेळी प्रत्येकीचं आधार समोर ठेवून अर्ज भरला. मावशींचं आणि एका ५२ वर्षांच्या ताईचं तिकीट वेगळं काढलं. त्यांना १७ आणि २० मिळाले, समोरासमोर. दोघींना महिला कोट्यातून मिळाले. राहिलेल्या दोघींत एक मी. आम्हाला आरएसी मिळालं आणि शेवटपर्यंत आरएसीच राहिलं. एका बर्थवर दोघी पाय आखडून रात्रभर बसलो. त्यातही आमचा डबा वेगळा. म्हणजे सगळं छान झालं असं नाही. पण पहाटे चारला मी मावशींच्या डब्यात जाऊन बघून आले. डोक्यावर पदर घेऊन, गुडघ्याखाली पिशवी ठेवून मावशी गाढ झोपल्या होत्या. प्रदर्शनात पापडाचं एक पाकीट उरलं नाही.

तेव्हा एवढं करा. तुमच्या गटाच्या वहीत शेवटच्या पानावर प्रत्येकीचं नाव, आधारवरचं वय, आणि कुणाला गुडघा, कंबर, बाळंतपण असं काही आहे का, ते लिहून ठेवा. पुढच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं त्यासाठी काढा. तिकीट काढायला जी जाईल तिने ते पान सोबत न्यायचं. नाहीतर माझ्यासारखं अंदाजाने लिहाल आणि तुमची एखादी मावशी पुढच्या वर्षी घरी बसेल.

भाकरी करपली नसेल अशी आशा करते. नमस्कार.